आधी झाडू, मग कीर्तन: नागपुरातील समारंभात पाहुण्यांना शाश्वत राहणी शिकवण्याची रीत

नागपुरातील लग्नसराई ऐन उन्हाळ्यात येते. पारा ४४-४५ अंशांवर असताना एखाद्या लॉनवर पाचशे माणसे जमतात, तीन-चार तास थांबतात, पाणी पितात, जेवतात आणि घरी जातात. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्या वयाची माणसे एकत्र, प्रसन्न मनाने आणि सवड काढून आलेली असतात. पाणी, अन्न आणि कचरा यांविषयी काही सांगायचे असेल, तर याहून चांगली वेळ शोधून सापडणार नाही. तरीही बहुतेक यजमान ती वेळ ‘पाणी वाचवा’ असे लिहिलेल्या एका फलकावर घालवतात.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी घरातील एका साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, वेळी आम्ही उत्साहाने बारा फलक लिहून लावले आणि हिरव्या-निळ्या कचरापेट्याही मांडल्या. फलकांपुढे लोकांनी छायाचित्रे काढली, पण मजकूर कोणी वाचल्याचे दिसले नाही. दोन्ही पेट्यांत सारखेच खरकटे पडले, आणि रात्री कार्यालयातील कामगाराने दोन्ही पेट्या आमच्या डोळ्यांदेखत एकाच हातगाडीत रिकाम्या केल्या. त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. चूक आमची होती.

पुढच्या कार्यक्रमांत उपयोगी पडली ती विदर्भातलीच एक जुनी पद्धत. गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात शिरले की आधी झाडू हातात घेत. गाव झाडून झाले की रात्री कीर्तनाला उभे राहत. आणि कीर्तनातही सरळ उपदेश करण्यापेक्षा श्रोत्यांना प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. आधी स्वतः करून दाखवायचे आणि मग विचारायचे, एवढ्या दोन गोष्टींवर पुढील सगळी मांडणी उभी आहे. ती लग्न आणि साक्षगंध डोळ्यांसमोर ठेवून लिहिली असली, तरी बारसे, वास्तुपूजन किंवा संस्थेचे स्नेहसंमेलन यांनाही ती थोड्या फरकाने लागू होते.

पहिली पायरी: विषय तीनच निवडावेत

सौरऊर्जा, सेंद्रिय शेती, वृक्षारोपण, हवामानबदल असे सगळे एका संध्याकाळी सांगू पाहिले, तर काहीच लक्षात राहत नाही. समारंभात पाहुण्याच्या हाताला ज्या वस्तू प्रत्यक्ष लागतात, त्यांपुरतेच शिक्षण मर्यादित ठेवावे: पाण्याचा ग्लास, जेवणाचे पान आणि जेवणानंतर टाकून दिलेले उरलेसुरले. पाणी, पान आणि कचरा हे तीन विषय पुरेसे आहेत.

विषय ठरले की आपला कार्यक्रम त्या कसोटीवर आधी घासून पाहावा. फ्लेक्सच्या फलकावर प्लास्टिकविरोधी संदेश छापला, तर पाहुण्यांना विसंगती तत्काळ दिसते. महाराष्ट्रात २०१८ पासून एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिक व थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या बंदीत प्लास्टिकचे काटे-चमचे आणि स्ट्रॉ तर आहेतच, शिवाय सजावटीचे थर्माकोल, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर आणि मिठाईच्या डब्यांवर व निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळलेली प्लास्टिकची पातळ झिल्लीही येते. ही शेवटची बाब बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून पत्रिका छापायला टाकण्यापूर्वीच ती छापखान्यात सांगावी. फलक लागणारच असतील, तर जुन्या सुती चादरीवर रंगाने किंवा फळ्यावर खडूने लिहावेत.

दुसरी पायरी: दोन महिने आधी तीन माणसांशी बोलावे

पहिला माणूस कार्यालयाचा किंवा लॉनचा व्यवस्थापक. कचरा कोण उचलतो, किती वाजता उचलतो आणि ओला-सुका वेगळा नेण्याची व्यवस्था आहे का, हे त्याला विचारून घ्यावे. परवाना नसलेल्या जागी शंभरांहून अधिक माणसे जमणार असतील, तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवणे आणि कचरा जागीच वेगळा करून देणे ही जबाबदारी घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी आयोजकावर टाकली होती, ही गोष्ट बोलण्याच्या ओघात सांगितली की व्यवस्थापकही गांभीर्याने ऐकतो.

दुसरा माणूस केटरर. त्याच्याशी ठरलेले सगळे लेखी असावे: पाण्याच्या छोट्या बाटल्या येणार नाहीत, ग्लास स्टीलचे असतील, पदार्थांची संख्या अमुक इतकीच राहील. पदार्थ कमी केल्याने मान कमी होतो, ही भीती यजमानाच्याच मनात असते. वडाभात, पाटवडी रस्सा, ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी आणि मठ्ठा असे जेवण नीट वाढले, तर नागपूरचा पाहुणा तृप्त होऊनच उठतो.

तिसरा माणूस सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षित: रात्री पेट्या उचलणारा कामगार. त्याच्याशी स्वतः बोलावे, काय कुठे जाणार ते समजावून द्यावे, हातमोजे द्यावेत आणि वाढलेल्या कामाचे जादा पैसे आधीच ठरवावेत. आमचा पहिला प्रयत्न याच दुव्यापाशी तुटला होता.

तिसरी पायरी: निमंत्रणातच सुरुवात करावी

निमंत्रणासोबत फोनवर एक छोटा संदेश पाठवावा. त्यात स्थळाच्या जवळचे मेट्रो स्थानक आणि तिथून चालत किती मिनिटे लागतात, हे लिहावे. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर या दोन मार्गिकांमुळे शहराच्या चारही दिशांचे पाहुणे सीताबर्डीवर गाडी बदलून येऊ शकतात. शेवटची गाडी किती वाजता आहे हे आठवणीने कळवावे, नाहीतर मेट्रोने येण्याची विनंती व्यर्थ जाते. त्याच संदेशात एक प्रश्न टाकावा आणि उत्तर मात्र देऊ नये: ‘आपल्या घरच्या नळाचे पाणी कुठून येते आणि वापरल्यावर कुठे जाते? उत्तर मांडवात भेटेल.’ या एका ओळीने घराघरांत चर्चा सुरू होते.

चौथी पायरी: स्वयंसेवक तयार करावेत

पन्नास पाहुण्यांमागे एक या हिशेबाने स्वयंसेवक घ्यावेत. दहा ते सोळा वर्षांची भाचरे-पुतणे या कामाला उत्तम, कारण मोठ्या माणसाने टोकले तर राग येतो आणि लहान मुलाने विचारले तर हसू येते. आदल्या दिवशी तासभर त्यांची तालीम घ्यावी. त्यांनी आज्ञार्थी बोलायचे नाही, फक्त विचारायचे, हा नियम पक्का करावा. ‘काका, इथे टाकू नका’ याऐवजी ‘काका, हे पान कोणत्या झाडाचे असेल, ओळखा बरं?’ असे म्हटले की काका थांबतात, पान उलटून पाहतात आणि बहुधा स्वतःच्या लहानपणची एक पंगतही सांगतात. मावशी-आत्यांचे उत्तर चुकले, तरी मुलांनी ‘चूक’ म्हणायचे नाही. पुढचा प्रश्न विचारायचा.

पाचवी पायरी: प्रवेशद्वारी पाण्याची रांगोळी

या एका गोष्टीवर जितका वेळ देता येईल तितका द्यावा, कारण सगळ्या उपक्रमांत हीच पाहुण्यांना सर्वाधिक थांबवते. प्रवेशद्वाराच्या आत साधारण दहा फूट लांबीची रांगोळी काढावी आणि तिच्यात नागपूरच्या पाण्याचा प्रवास दाखवावा. वरच्या टोकाला पेंच नदीवरील तोतलाडोह आणि नवेगाव खैरीचे जलाशय, शेजारी कन्हान नदी. तिथून शहराकडे येणारी जलवाहिनी. मध्ये घरे आणि लग्नाचा मांडव. मांडवाच्या खाली नाग नदी, तिला मिळणारी पिवळी नदी. पुढे कन्हान, त्यापुढे वैनगंगा आणि टोकाला गोसेखुर्दचे धरण. निळा रंग वरून येताना स्वच्छ ठेवावा आणि मांडव ओलांडल्यावर त्यात हळूहळू राखाडी मिसळावी. शब्द फारसे लिहू नयेत.

रांगोळीजवळ एक जाणकार माणूस उभा करावा. निवृत्त शिक्षक किंवा शिक्षिका घरात असल्यास फारच उत्तम. पाहुण्याच्या हाती एक लाकडी मणी द्यावा आणि विचारावे, ‘तुम्ही आत्ता हात धुतले, तर ते पाणी या चित्रात कुठे जाईल?’ बहुतेक जण मणी नाग नदीवर ठेवतात आणि तिथेच थांबतात. मग पुढचा प्रवास सांगावा: या शहराचे सांडपाणी पुरते शुद्ध न होता नदीत गेले, तर ते गोसेखुर्दच्या जलाशयापर्यंत पोहोचते, आणि त्या पाण्यावर शेती व मासेमारी करणारी माणसे आपलीच शेजारी आहेत. दुसरी बाजूही सांगावी, कारण नुसते वाईट ऐकून कोणी काही शिकत नाही. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला पुरवले जाते. म्हणजे आपल्या न्हाणीघरातील पाण्याचा एक हिस्सा विजेच्या रूपाने आपल्याच दिव्यांत परत येतो. हे ऐकताना लोकांच्या चेहऱ्यावर उमटणारे आश्चर्य पाहण्यासारखे असते.

सहावी पायरी: माठांची रांग

उन्हाळ्यातील संध्याकाळच्या कार्यक्रमाला माणशी एक लिटर पिण्याचे पाणी धरावे. पाचशे पाहुण्यांना वीस लिटरचे पंचवीस माठ लागतात. नवे माठ दोन-तीन दिवस आधी पाण्याने भरून मुरवावेत, खाली तोटी बसवलेली असावी, तोंडावर फडके बांधावे आणि आत वाळ्याची स्वच्छ धुतलेली पुरचुंडी सोडावी. उघड्या माठात ग्लास बुडवण्याची सोय ठेवू नये. स्वच्छतेविषयी एकदा शंका आली की पाहुणा बाटली मागतो आणि तो मागतो ते बरोबरच असते. पाणी कोणत्या प्रक्रियेतून आले हे माठाजवळ लिहून ठेवावे.

शिकवण्यासाठी एक माठ आणि शेजारी तेवढ्याच पाण्याची स्टीलची टाकी ठेवावी, दोन्हींत साधा थर्मामीटर असावा आणि दर तासाला मुलांनी तापमान फळ्यावर लिहावे. दोन आकड्यांतील अंतर वाढत जाते. कारण मुलांनीच सांगावे: माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. नागपूरचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे ही क्रिया इथे जोमाने होते. आपला कूलरही याच तत्त्वावर चालतो. मग फळ्यावर एक हिशेब मांडावा. पाचशे पाहुण्यांनी २०० मिलीलिटरच्या दोन-दोन बाटल्या घेऊन प्रत्येकीतील निम्मे पाणी सोडून दिले, तर १०० लिटर पिण्याचे पाणी आणि एक हजार बाटल्या वाया जातात. वाढताना ग्लास अर्धाच भरावा. तहान असलेला पाहुणा पुन्हा मागेल.

सातवी पायरी: रुखवताचा नवा अर्थ

रुखवत पाहायला पाहुणे हमखास येतात. काचेच्या पेटीतील शोभेच्या वस्तूंऐवजी टेबलाचा निम्मा भाग जुन्या, टिकाऊ वस्तूंना द्यावा: बांबूचे सूप आणि टोपली, रिठा आणि शिकेकाई, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, जुन्या लुगड्यांची गोधडी, पळसाच्या पानांचे द्रोण. वस्तूंवर नावे लिहू नयेत. तरुण पाहुण्यांनी ओळखायचे आणि शेजारी मानाने बसवलेल्या दोन-तीन आज्यांनी बरोबर उत्तर सांगायचे. शाश्वत राहणी ही या आज्यांसाठी बाहेरून आलेली कल्पना नव्हे. त्या तशाच जगल्या आहेत, आणि त्यांना शिकवणाऱ्याच्या जागी बसवण्यात योग्यताही आहे आणि आनंदही.

याच टेबलावर एक प्रयोग मांडावा. कागदी ग्लास आदल्या रात्रीपासून पाण्यात भिजत ठेवावेत आणि पाहुण्याला एक ग्लास देऊन आतील थर नखाने सोलायला सांगावे. कागदाचा लगदा वेगळा होतो आणि हातात प्लास्टिकची पातळ झिल्ली राहते. ‘कागदी म्हणजे चांगला’ हा समज त्या एका क्षणात दूर होतो. पत्रावळींच्या बाबतीतही सावध राहावे. यंत्रावर दाबून केलेल्या पुष्कळ पत्रावळींच्या खाली प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, म्हणून खरेदी करताना पान उलटून पाहावे. गडचिरोली, गोंदिया आणि भंडारा भागांतून येणाऱ्या, काड्यांनी टाचलेल्या पळसाच्या पत्रावळी मिळत असतील, तर त्याच घ्याव्यात. रस्सा गळू नये म्हणून द्रोण दुहेरी घ्यावा.

उखाण्यांचा उपयोगही इथेच होतो. नवरीला आणि जावांना आधी सुचवून ठेवले, तर विषय हसत-खेळत पोहोचतो. आमच्याकडे घेतलेला एक उखाणा असा होता: ‘माठातल्या पाण्याला वाळ्याचा वास, …रावांच्या पानात उरला नाही एकही घास.’

आठवी पायरी: अक्षता आणि पंगत

अक्षतांचा प्रश्न नाजूक आहे आणि तो वडीलधाऱ्यांशी आधी बोलूनच सोडवावा. एका मुठीत वीस ग्रॅम तांदूळ धरले, तरी पाचशे पाहुण्यांच्या अक्षता दहा किलो होतात. एक किलो तांदूळ पिकवायला सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागते, आणि आपल्याकडचा तांदूळ भंडारा-गोंदियाच्या बांधीत चिखलात उभे राहून लावणी करणाऱ्या बायांच्या हातचा असतो. गुरुजींनी मंगलाष्टकांपूर्वी एवढेच सांगून ‘चिमूटभर अक्षता, बाकी पाकळ्या’ अशी विनंती केली, तर ती सहसा मानली जाते, कारण ती गुरुजींच्या तोंडून येते.

जेवणासाठी शक्य असेल तिथे पंगतच बसवावी. वाढणारा विचारून वाढतो आणि त्यामुळे पानात कमी उरते. बफे असेलच, तर ताटे लहान ठेवावीत. ताट ठेवण्याच्या जागी वजनकाटा आणि एक मोठी बादली ठेवून दर अर्ध्या तासाला खरकट्याचे वजन फळ्यावर लिहावे. कोणा एकाच्या ताटाचे वजन कधीही करू नये. पाहुण्याला लाज वाटली, तर तो शिकत नाही, दुरावतो. आकडा सगळ्या मांडवाचा असावा आणि तो कमी राहिला की सूत्रसंचालकाने माइकवरून आनंदाने सांगावा.

न वाढलेले अन्न कोणाला द्यायचे हे आधीच ठरलेले असावे आणि ते नेणारी गाडी वेळेवर यावी. उन्हाळ्यात चुलीवरून उतरलेले अन्न तासाभरात पोहोचले नाही, तर ते कोणालाही देऊ नये. शिळे अन्न दान करणे हा दान घेणाऱ्याचा अपमान आहे.

नववी पायरी: संत्र्याची साल

जेवणानंतर संत्री ठेवावीत. मृग बहाराची फळे उन्हाळ्याच्या तोंडाशी मिळतात, पुढे मोसंबी चालते. सालींपासून बायोएन्झाइम, म्हणजे साली आंबवून केलेले सफाईचे पाणी, करण्यासाठी फळाजवळच दोन लिटरच्या जुन्या प्लास्टिक बाटल्या, किसलेला गूळ आणि वजनकाटा ठेवावा. पाहुण्याने स्वतः साल मोजून टाकायची: १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साल, एक लिटर पाणी. वर मोकळी जागा सोडून झाकण लावावे आणि तारीख लिहावी. पहिला महिनाभर रोज एकदा झाकण सैल करून वायू जाऊ द्यावा, नाहीतर बाटली फुगते. याच कारणाने काचेची बाटली वापरू नये. तीन महिन्यांनी गाळलेले बायोएन्झाइम पाण्यात मिसळून फरशी व सिंक धुण्यास उपयोगी पडते. ब्लीचसोबत ते मिसळू नये. ज्या पाहुण्यांना बाटली घरी न्यायची असेल, त्यांना ती द्यावी. उरलेल्या यजमानाने सांभाळाव्यात.

दहावी पायरी: वाण आणि त्यानंतरचे दिवस

रोपे वाटण्याची पद्धत मला पटत नाही, निदान उन्हाळ्यात तरी नाही. मे महिन्यात काळ्या प्लास्टिक पिशवीतील रोप बंद गाडीत ठेवले जाते आणि घरी पोहोचेपर्यंत कोमेजते. पाहुण्याच्या मनात मात्र आपण काही चांगले केल्याचे समाधान राहते. त्याऐवजी कापडाच्या पुरचुंडीत घोसाळे, लाल भोपळा किंवा अंबाडीचे बी द्यावे आणि सोबत ‘पहिला दमदार पाऊस झाल्यावर पेरा’ असे हाताने लिहिलेले असावे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग नक्षत्राच्या सुमारास सगळ्यांना फोनवर आठवण पाठवावी.

कार्यक्रमानंतर आठवडाभरात आभाराच्या संदेशात आकडे कळवावेत: किती खरकटे, किती सुका कचरा, किती बाटल्या वाचल्या. आकडे वाईट आले, तरी तेच कळवावेत.

खरकटे, पत्रावळी आणि फुले यांचे खत करण्यासाठी लॉनच्या किंवा ओळखीच्या शेताच्या कोपऱ्यात तीन फूट लांब, रुंद आणि उंच ढीग रचावा. खरकट्याच्या प्रत्येक थरावर दुप्पट जाडीचा वाळलेल्या पानांचा थर द्यावा. तेलकट रस्सा आधी निथळून घ्यावा. दोन-तीन दिवसांत ढीग आतून हात ठेवू न देण्याइतका तापतो, ते काम चांगले चालल्याचे लक्षण आहे. दर आठवड्याला तो उलथावा आणि पिळलेल्या फडक्याइतका ओलावा राखावा. उन्हाळ्यातील लग्नाचे खत पोळ्याच्या आसपास तयार होते: रंग काळसर, हाताला थंड, वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा. ते चाळून अर्ध्या-अर्ध्या किलोच्या कागदी पिशव्या भराव्यात आणि तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारी येणाऱ्या मुलांच्या हाती बोजाऱ्यासोबत, म्हणजे त्या दिवशीच्या खाऊ-पैशांसोबत, एकेक पिशवी द्यावी. त्यांच्या घरच्या मांडवावर तोवर घोसाळ्याचा वेल चढलेला असतो आणि त्याला खताची गरज तेव्हाच असते.